धरलेला नंबर

रांगेत उभं राहायला मला कोणी शिकवायला नको. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून मी रांगेतच होते म्हटलं तरी चालेल. रॉकेलची रांग, पामतेलाची रांग, गॅसचा नंबर, पोरीच्या शाळेच्या अर्जाची रांग. माझी स्वतःची शाळा सातवीतच सुटली. वाचायला खरी शिकले ती रांगेत. वाण्याच्या पुडीचा कागद, शेजारणीच्या हातातलं मासिक, पुढच्या माणसाच्या पिशवीवरची जाहिरात, सगळं वाचून संपायचं तरी रांग संपायची नाही. मग ती नव्वदनंतरची वर्षं आली. फोन घरात आला, गॅसवाला दारात येऊन बेल वाजवायला लागला, पोरगी इंजिनिअर होऊन खराडीच्या काचेच्या इमारतीत जाऊन बसली. मला वाटलं, रांग मेली. मेली नव्हती हो. तीही खराडीलाच राहायला गेली होती.

सांगते ती गोष्ट माझ्या नातीच्या दहावीच्या वर्षाची. नात चित्रं काढायची. फुलं-पानं नव्हेत, चौकटी आखून त्यात गोष्ट सांगायची, जपानी धाटणीची. मोठ्या डोळ्यांची माणसं, पाऊस, रिकामे रस्ते. घरात कोणाला दाखवायची नाही. मला दाखवायची, कारण मी "छान आहे" एवढंच म्हणायचे आणि पुढे काही विचारायचे नाही. तिच्या आईबापांनी तिच्यासाठी इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवला होता. तिला तो नको होता. आठवडाभर घरात भांड्यांचे आवाज मोठे यायला लागले. शेवटी जावईबापूंनी तोड काढली. शहरात कसलासा मोठा मेळावा भरणार होता, अशा चित्रांच्या आणि मालिकांच्या वेड्या पोरांचा. पोरं त्याला 'कॉन' म्हणत. परदेशात राहून अशीच पुस्तकं काढणारा एक चित्रकार तिथे येणार होता, आणि थोडा वेळ बसून पोरांची चित्रं बघणार होता.

"त्याने बघून सांगू दे," जावईबापू म्हणाले. "हिच्या हातात काही आहे म्हणाला, तर क्लास नाही. नाही म्हणाला, किंवा भेटलाच नाही, तर सोमवारपासून क्लास. कबूल?"

"कबूल," नात म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली की मलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

आता बरोबर जायला मोठं माणूस हवं. शनिवारी मुलगी आणि जावई दोघांचंही 'रिलीज' होतं. रिलीज म्हणजे काय ते मला आजवर नीट कळलेलं नाही. बाळंतपणासारखं काहीतरी असावं, कारण त्या दिवशी दोघंही खोलीचं दार लावून बसतात आणि आतून मध्येच कोणीतरी ओरडतं.

"आई, तू जातेस का गं तिच्याबरोबर? मोठं माणूस लागतं म्हणे सोबत."

"मी कसली मोठी? मी म्हातारी."

"म्हातारीही चालते. मी विचारलंय."

नातीला तिथे सोंग घेऊन जायचं होतं. त्या वर्षी पोरांना वेड लावलेल्या एका मालिकेत एक पात्र होतं. अंगात पायघोळ निळा रेनकोट आणि तोंडावर चक्क सूप. म्हणजे विणलेल्या सुपासारखा मुखवटा, डोळ्यांच्या जागी दोन फटी, बाकी काही नाही.

"हा कोण गं?" मी विचारलं होतं.

"तो कोणी नाही, आजी. तेच तर आहे त्याचं."

बाकीची पोरं तो मुखवटा प्लॅस्टिकचा मागवतात म्हणे. आम्ही बुरूड आळीत जाऊन खरी सुपली आणली, तिला फटी पाडल्या, मागून नाडी लावली. नवीन बांबूचा पिवळाधम्मक रंग. नातीने ती चढवली आणि आरशासमोर उभी राहिली, तेव्हा मला आरशातलं कोणी ओळखूच येईना. मी म्हटलं, "काढ बाई, पोचल्यावर घाल."

जेवून निघालो. मोबाईलवर बोलावलेली गाडी कोथरूडहून खराडीला पोचेपर्यंत माझ्या दोन डुलक्या झाल्या. मेळावा पत्र्याच्या एका अवाढव्य हॉलमध्ये होता. खिडकी एकही नाही. आत गेल्यावर दिवस आहे की संध्याकाळ, काही कळायला मार्ग नाही. तलवारी घेतलेल्या मुली, शिंगं लावलेली मुलं, अंगभर हिरवा रंग फासलेला एक चांगला चाळिशीचा गृहस्थ. आणि सगळे इतके सभ्य हो! "आजी, या ना," "आजी, सांभाळून." एका पिशाच्चाने मला खुर्ची आणून दिली. त्यांची भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

भीती वाटली ती सुपांची. जिथे बघावं तिथे निळा रेनकोट आणि सूप. उंच, बुटके, एकटे, चौघे-चौघे. सुपांच्या आडून बोलणं यायचं, हसणं यायचं, पण ते कोणत्या सुपातून आलं ते समजायचं नाही. आपण माणसाशी बोलतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोंडच नसलं की नजर कुठे ठेवायची? मी नातीचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "बये, हात सोडायचा नाही. हरवलीस तर मी तुला कशावरून ओळखू?"

"मी ओळखेन ना तुला," ती म्हणाली. "नऊवारीत तू एकटीच आहेस. लोक विचारतायत, आजींचं कॅरेक्टर कोणतं."

चित्रकाराची रांग हॉलच्या टोकाला होती. दोऱ्या बांधून रांगेच्या घड्या घातल्या होत्या, शेवयांसारख्या. पुढे काचेची एक खोली, त्यात तो बसलेला. आपण या घडीतून तिकडे जायचं, वळायचं, पुढच्या घडीतून इकडे यायचं. तीच माणसं पुन्हा पुन्हा समोरून जायची. निदान तीच असावीत. बरेच सूपवाले. मघाशी ज्याच्या मागे एक मुलगी होती, त्याच्या मागे आता कोणी वेगळंच आहे, असं वाटायचं. मग वाटायचं, आपलाच घोळ होतोय.

आमच्या पुढेही एक सूपवालं होतं. तो की ती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून 'ते'. बराच वेळ मी त्याच्या पाठीकडे बघत होते. मग वळणावर ते आडवं झालं आणि मला त्याचं सूप दिसलं. प्लॅस्टिकचं नव्हतं. खरं होतं, आणि जुनं. धुराने काळवंडलेलं, आणि शेणामेथीने सारवून वाळवलेलं, माझ्या माहेरी असायची तसं. कोंड्याचा वास येत होता हो. त्या वातानुकूलित हॉलमध्ये, पॉपकॉर्नच्या वासातून, खळ्यावरच्या कोंड्याचा वास.

मला आपलं बरंच वाटलं. मी म्हटलं, "घरचं आणलंत वाटतं सूप? कुठलं गाव तुमचं?"

ते वळलं, सावकाश. आपल्या पायाखालच्या जागेवर तळवा धरला आणि मग तोच तळवा माझ्याकडे केला.

ही खूण मी जन्मभर बघितलेली आहे. माझा नंबर धरा, आलेच. तोंडातून शब्द आपोआप गेला, "धरते, धरते. जा तुम्ही."

आणि ते गेलं. कुठून गेलं ते सांगता येणार नाही. दोन्हीकडे माणसं दाटलेली, पण कोणी अंग चोरून वाट दिली असं मला दिसलं नाही. ते तिथे होतं आणि मग ती जागा रिकामी होती.

"आजी, पुढे सरक ना," नात म्हणाली. ती इतका वेळ मोबाईलमध्ये होती.

"नंबर धरलाय."

"कोणाचा?"

"पुढे उभं होतं त्याचा. तुझ्यासारखंच सूपवालं."

"मी नाही बघितलं कोणाला. आजी, प्लीज, असं नसतं गं इथे. गेला तो गेला."

मी तिला सांगितलं, असं सगळीकडेच असतं. आम्ही पेठेत राहायचो तेव्हा रॉकेलच्या रांगेत डबे उभे असायचे आणि बायका सावलीला. डबा म्हणजे माणूस. एकदा एका बाईचा डबा रांगेत होता आणि दुपारी कळलं, बाई गेली. घरी जाऊन जरा पडली ती उठलीच नाही. डबा मात्र रांगेत. बाजूला करायचा धीर कोणाला झाला नाही. मागचीने पायाने सरकवला, तिच्या मागचीने सरकवला, असा सरकत सरकत तो खिडकीपर्यंत पोचला. दुकानदाराने माप भरून ओतलं. कोणी 'नको' म्हणालं नाही. तिचा नंबर होता ना.

"ई, आजी!" नात म्हणाली. "तू आत्ता कशाला सांगतेस हे?"

तर मी एका माणसाची जागा सोडून उभी राहिले. रांग पुढे गेली की मी पुढे, पण ती जागा तशीच राखून. मागून टोमणे सुरू झाले. चष्मेवाला एक मुलगा म्हणाला, "आजी, एवढा गॅप कशाला? पार्किंग आहे का?"

"आहे. तुमची नाही."

आमच्या लगेच मागे एक गृहस्थ होता, खांद्यावर दीडेक वर्षाची पोर. इथेच खराडीला कुठल्याशा कंपनीत, पण बोलणं सगळं अमरावतीकडचं. तो वाकून पुढे बघून म्हणाला, "काहून हो आजी, पुढं कोणी आहे काय? मले तर कोणी दिसून नाही राहिलं."

"येईल. नंबर धरायला सांगून गेलंय."

"बरं बाप्पा. तुम्ही म्हणता तर असन. आमच्या कंपनीत बी असंच आहे, खुर्ची असते, माणूस नसते."

मी हसले. पण हसता हसता माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती लक्षातून जाईना. रांग ओलांडून पलीकडे जाणारे पुष्कळ होते, पाण्याला, खाण्याला. कोणी त्या गृहस्थाच्या मागून घुसायचं, कोणी पार पुढून. आमच्यापुढे एवढी ऐसपैस जागा, तिथून मात्र एकही जण गेला नाही. पोरांचा एक घोळका पळत आला, अगदी आमच्या रोखाने. त्या जागेपाशी त्यांचे दोन भाग झाले, आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाले. त्यांचं बोलणंही थांबलं नाही.

आणि मी कशाच्या अंदाजाने चालत होते, ते सांगू? मला वाटत होतं, मी पुढच्या माणसाकडे बघून थांबते. तसं नव्हतं. पुढचा माणूस चालत असायचा आणि तरी माझा पाय थांबायचा. मग एक क्षण जायचा आणि तो माणूस थांबायचा. म्हणजे आधी ती जागा थांबायची, मग मी, मग तो.

खांद्यावरच्या पोरीला एक खेळ सापडला होता. दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, उघडायचे आणि खिदळायचं. "भॉक!" मला वाटलं माझ्याशी खेळते. मी पण "भॉक" केलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्या डोक्यावरून, त्या रिकाम्या जागेकडे बघत होती, उभ्या माणसाचं तोंड जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्याच उंचीवर. डोळे झाकायची. थांबायची. समोरच्याने काही केल्यासारखी हसायची.

"आजी," नात हळूच म्हणाली, "किती घट्ट धरलायस माझा हात."

"गर्दी आहे. चित्रांची फाईल सांभाळ तू."

शेवटच्या घडीत आलो तेव्हा काळा टीशर्ट घातलेली एक मुलगी दोरीच्या कडेने आली. तिच्या हातात कागदी पट्ट्या होत्या, मनगटाला बांधायच्या. पट्टी असेल तोच आत. तिने आमच्या पुढच्या माणसाला पट्टी बांधली, हातात उरलेली एकुलती एक वर धरली आणि ओरडून सांगितलं, "ही लास्ट! बाकीच्यांना सॉरी, सरांची वेळ संपली!"

मागे मोठा गलका झाला. नातीचा हात माझ्या हातात होता, तो एकदम ओला झाला.

ती मुलगी त्या जागेपाशी आली. आमच्याकडे बघितलं, जागेकडे बघितलं. "आजी, इथे कोणी आहे?"

खरं बोलायचं तर आहे. मी जन्मात कधी कोणाचा धरलेला नंबर खाल्लेला नाही. "एक जण आहे. नंबर धरायला सांगून गेलंय."

"आजी!" नात. रडायच्या बेतात.

"गेला तो गेला हो," पट्टीवाली म्हणाली. "उभं आहे त्याला मी देणार. चित्रं हिची आहेत ना? मग ये पुढे, एवढ्या लांब काय उभी आहेस?"

पुढे ये म्हणजे त्या जागेत ये. नातीने पाय उचलला आणि मी तिला मागे ओढलं. का ओढलं, ते मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या नातीचं सगळं त्या कागदाच्या पट्टीवर अडलेलं मला दिसत होतं. सोमवार दिसत होता, क्लासची पिशवी दिसत होती, ती मुकाट्याने जाईल आणि चित्रं पलंगाखाली सरकवेल, तेही दिसत होतं. पण दुसऱ्याच्या जागेत न विचारता पाय ठेवायचा नाही, हे हाडात मुरलेलं.

रॉकेलच्या रांगेत एक रीत होती. कोणाचं मूल तापलेलं असलं, कोणाकडे पाहुणे खोळंबले असले, की पुढचीशी अदलाबदल करायची. तोंडाने बोलून करायची, चारचौघांना ऐकू जाईल अशी. एकदा बोललं की बदल झाला, मग मागे घ्यायचं नाही. मी तेच केलं. त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, सगळ्यांच्या देखत, स्वच्छ आवाजात म्हणाले, "नंबर तुझाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोरीचं अडलंय. तुझी जागा हिला दे, हिची जागा तू घे."

कोणीतरी फिसकन हसलं. नातीने तर सुपली तोंडावर ओढून घेतली, लाजेने. आणि खांद्यावरची ती पोर होती ना, तिची नजर त्या जागेवरून निघाली, सावकाश आमच्या कडेने फिरली, आणि माझ्या उजव्या अंगाला येऊन थांबली.

"जा," मी म्हणाले, आणि हात सोडला.

नात पुढे झाली. पट्टीवालीने पट्टी बांधली, दोरी वर केली, तिला आत घेतलं. "आजी, मोठ्यांनी बाहेरच थांबायचं हं," असं म्हणून काचेचं दार ओढून घेतलं.

तेवढ्यात माझ्या उजव्या हातात हात आला.

मला वाटलं, पोरगी परत आली. लहानपणापासूनची सवय, दारापर्यंत जायचं आणि काहीतरी विसरलं म्हणून परतायचं. मी समोर बघतच म्हणाले, "काय गं, काय राहिलं?" आणि समोर, काचेच्या आत, माझी नात टेबलापाशी उभी होती. सुपली डोक्यावर सरकवलेली. फाईलची गाठ सोडत होती.

मी मान वळवली नाही. आजही कोणी विचारलं, का नाही बघितलंस, तर मी म्हणते, तुम्ही असता तर काय केलं असतं? हात थंडगार वगैरे नव्हता. कोरडा होता, खरखरीत. आणि हलका. पाखडलेल्या कोंड्याची मूठ धरावी तसा, असून नसल्यासारखा. जरा हालला की सळसळायचा. पोरीने धरावा तसा धरला होता. चार बोटं माझ्या मुठीत, अंगठा बाहेर.

"आजी, बऱ्या आहात ना?" मागचा गृहस्थ. "घाम फुटला तुम्हाले. पाणी आणू काय?"

"नको. तुम्ही इथेच उभे राहा. तुमची पोर कुठे बघतेय?"

"तुमच्याकडेच तं बघून राहिली. आवडल्या तुम्ही तिले."

मला भीती वाटली की मी बोलते. आमचे हे म्हणायचे, चोर आला तर तू त्याला घरची सगळी हकीकत सांगशील. तशी मी हळू आवाजात बोलत राहिले. पोरीचं सांगितलं. ती एकटी एकटी असते, जेवताना ताटावर रेघा काढते, ते सांगितलं. तुझे उपकार झाले म्हटलं. आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं, मी काय देऊन बसले ते. हिची जागा तू घे. हिची म्हणजे रांगेतली तर होतीच. पण ती उभी कुठे होती? माझ्या शेजारी. माझ्या हाताशी. घरी जाताना गाडीत माझ्या बाजूला बसायची जागा तिची. जेवणाच्या टेबलाशी खिडकीकडची जागा तिची. मी काही ठरवून घेतलं नव्हतं, कुठपर्यंत आणि किती वेळ. मी नुसतं दिलं होतं, चारचौघांत, मोठ्याने.

काचेच्या आत चित्रकाराने एक पान उलटलं. मान हलवली. काहीतरी विचारलं. नात बोलताना दिसली, हातवारे करत, घरी कधी बोलत नाही तशी. त्या हलक्या हाताने माझा हात जरासा दाबला. जणू तिकडे तिला बरं वाटलं ते इकडे पोचलं.

मग दार उघडलं आणि नात बाहेर आली. तोंड लाल, डोळे चमकत होते. "आजी!" म्हणून धावतच निघाली.

"तिथेच थांब!" मी ओरडले. असं मी तिच्यावर जन्मात ओरडले नव्हते. ती जागच्या जागी थांबली. आमच्या मध्ये दोरी होती.

"आजी? काय झालं? ऐक ना, तो म्हणाला—"

"नंतर. तिथेच थांब. रांग मोडेपर्यंत इकडे यायचं नाही."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिची नजर खाली आली, माझ्या उजव्या हाताकडे. ती एक पाऊल मागे सरकली.

एवढ्या वेळात माझं डोकं एकाच गोष्टीवर चाललं होतं. खिडकी बंद झाली की रांग संपते. खिडकी बंद झाल्यावर कोणाचा नंबर राहत नाही, धरलेला नाही, बदललेला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नव्याने यायचं. दुकानदार फळी लावायचा आणि मोठ्याने सांगायचा, तेव्हा कुठे बायका हलायच्या. मी त्या पट्टीवाल्या मुलीला हाक मारली. "अगं, इकडे ये. बंद झालं ना आता?"

"हो आजी, सर निघाले."

"मग सांग की मोठ्याने. आणि ही दोरी काढ."

"आजी, सगळ्यांना दिसतंय बंद झालेलं—"

"तू सांग गं बाई! म्हातारीचं एवढं ऐक."

तिने त्या गृहस्थाकडे बघून डोळे फिरवले, पण तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडली, "लाईन क्लोज्ड! रांग संपली, सगळ्यांनी निघा!" आणि दोरीची गाठ सोडून ती कोपरावर गुंडाळायला लागली. घड्या एकेक करून मोकळ्या झाल्या. माणसं इकडेतिकडे पांगली. मी माझी मूठ उघडली. पाची बोटं ताणून, तळवा खाली करून उघडली. "झालं हं," मी म्हटलं. "संपले नंबर."

लगेच सुटला नाही तो हात. थोडा वेळ उघड्या तळव्याला तसाच टेकून राहिला. मग नुसती सळसळ झाली. खांद्यावरची पोर वळली, हॉलच्या मधल्या गर्दीकडे बघून तिने हात हलवला. "टाटा."

"चला आजी," गृहस्थ म्हणाला. "आपलं तं नाही झालं. पोरीचं झालं ना? बास."

समोरच्या गर्दीत निळे रेनकोट आणि सुपं, किती होती कोण जाणे. त्यांतलं कोणीही असेल.

नात आली. मी तिचे दोन्ही हात, दंड, गाल, सगळं चाचपलं. ती "आजी, लोक बघतायत" म्हणाली नाही. गाडीत बसलो. मग तिने सांगितलं. चित्रकार म्हणाला होता, डोळा चांगला आहे, गोष्ट सांगता येते. पण तुझी सगळी माणसं हात लपवतात. खिशात, पाठीमागे, चौकटीच्या बाहेर. हात येत नाहीत म्हणून लपवतेस. वर्षभर नुसते हात काढ. मग तुला कोणी अडवणार नाही.

घरी जावईबापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पास की नापास?"

"एटीकेटी," माझी मुलगी म्हणाली. रिलीज व्यवस्थित झालं होतं, ती खुशीत होती. "जाऊ दे. वर्षभर काढू दे हात. क्लासचं पुढच्या वर्षी बघू."

नात आनंदाने किंचाळेल असं मला वाटलं होतं. ती नुसतं "थँक यू" म्हणाली आणि वही घेऊन खिडकीकडच्या जागेवर जाऊन बसली.

तेव्हापासून ती हात काढते. आईचे कीबोर्डवरचे, बापाचे पेपर धरलेले, भाजीवालीचे, दूधवाल्याचे. आधीपेक्षा कमी बोलते. चित्रात शिरलं की माणसं तशीच होतात, असं तिची आई म्हणते, आणि ते खरंही असेल. मी मात्र तिला हाक मारली आणि ओ यायला जरा उशीर झाला, की हातातलं काम टाकून उभी राहते.

परवा सकाळी म्हणाली, "आजी, ये ना, तुझा हात काढायचाय." मी तिच्यासमोर बसले. ती मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होती. मी बघत राहिले.

"अशी काय बघतेस?"

"काही नाही. तूच आहेस ना, ते बघते."

"मग कोण असणार?" ती हसली. की हसल्यासारखं केलं?

मी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात माझ्या हातात घेतला. गरम होता. बोटांना शिसं लागलेलं. मी तो तळव्यावर तोलून बघितला, भाजीवाली कांदे तोलते तसा. चांगला जड लागला.

"आजी, काय करतेस?"

"काढ," मी म्हटलं, आणि माझा हात तिच्यासमोर ठेवला.